बाभळीच्या खुर्चीला बेगड

आकाराम चौगुल्याच्या बैलांची शिंगं बघायला बेंदराला पाच गावं लोटायची, असं तो स्वतः सांगायचा. दोन गावं येत होती हे खरं. तिसऱ्या गावचे लोक कुरुंदवाडच्या बाजाराला जाता जाता वाटेत थांबायचे. त्यांना धरलं तर तीन. पण शिंगं बघण्यासारखी असायची, यात त्याच्या भावकीचंसुद्धा दुमत नव्हतं, आणि भावकीचं एकमत होणं ही आमच्याकडं वर्षातनं एकदा येणाऱ्या बेंदरापेक्षा दुर्मीळ गोष्ट.

बाकीची माणसं बेंदूर आला की दुकानात असतील तेवढे रंग आणून बैलावर ओतायची. एक शिंग निळं, एक गुलाबी, पाठीवर वाटीचे ठसे, पोटावर मालकाचं नाव आणि जागा उरली तर मालकाच्या पोराचं. आकाराम तसलं करायचा न्हाय. तो आधी बैलाचं अंग बघायचा, मग शिंगाचा बाक बघायचा, मग एक चिलीम ओढायचा. त्याची जोडी पांढरी. एकाचं नाव हरण्या, दुसऱ्याचं पाखऱ्या. त्यांची शिंगं तासून तो हुरमुंज गोड्या तेलात कालवून लावायचा, तांबडाभडक, आणि त्या ओल्या हुरमुंजावर टोकाला तेवढी बेगड चिकटवायचा. बेगड म्हणजे सोनेरी चकचकीत कागद, वारा आला की हातातनं उडून जाणारा. चार बोटं बेगड. पाचवं बोट न्हाय.

"सोनं टोकाला शोभतंय," तो सांगायचा. "मधी आणलं की त्येचा चिखल हुतोय. आणि त्येला जोडीदार एकच द्यायचा. दोन दिलं की तिघांची भांडणं लागत्यात आणि बघणाऱ्याचं डोकं उठतंय."

हे तो इतक्या गंभीरपणानं सांगायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस सोन्यात लोळून दमलाय. घरात बायको बायडाबाई, तिला त्यानं उभ्या आयुष्यात एक मणी केला नव्हता. ती म्हणायची, "मला दोन शिंगं असती तर माझ्या अंगाला सोनं लागलं असतं." त्यावर आकाराम तिच्या डोक्याकडं जरा विचार केल्यासारखा बघायचा.

पंच्याहत्तर साली बायडाबाई गेली. आकारामचे गुडघे त्याच्या आधीच गेलेते. जमीन पुतण्याला वाट्यानं दिली, पुतण्यानं ट्रॅक्टर आणला, आणि बैलांना दावणीला उभं राहून ट्रॅक्टरकडं बघण्यापलीकडं काम उरलं न्हाय. शेवटी नेसरीकडच्या एका पावण्यानं जोडी नेली. आकारामनं त्याला खाण्यापिण्याचं, दुखण्याखुपण्याचं काही सांगितलं न्हाय. एवढंच सांगितलं, "निळा रंग लावू नगा."

मागं राहिली गाडी. बैलाविना गाडी दारात ठेवली की येणारा जाणारा विचारतो, आणि विचारणाऱ्याला उत्तर द्यायचा आकारामला कंटाळा. त्यानं गणपत सुताराला बोलावलं आणि गाडी मोडून खुर्ची करायला सांगितलं. गणपत सुतारानं जन्मभर नांगर, कुळव आणि पाळणे केलेते. खुर्ची त्यानं चावडीत लांबनं बघितलेली. त्यामुळं जी झाली ती खुर्ची कमी आणि बिनचाकाची गाडी जास्त. गाडीच्या फळ्यांचं बूड, फळ्यांचीच पाठ, आणि बैलांच्या मानेवरचं जू मधोमध कापून त्याचे दोन हात. जू मुळातच टोकांना वर उचललेलं, म्हणून खुर्चीचे हात पुढं जाऊन शिंगासारखे वर वळले. जुवाला खिळी घालायची भोकं होती, ती गणपतनं तशीच ठेवली. एका भोकात आकारामची तंबाखूची चंची मापात बसली, तेव्हा त्याला खुर्ची पसंत पडली. लाकूड बाभळीचं, दोन माणसं लावल्याशिवाय जागची हलायची न्हाय.

मग मुलगा बाळासो त्याला न्यायला आला. बाळासो कोल्हापुरात सरकारी कचेरीत कारकून, शाहूपुरीत तीन खोल्यांचं घर.

"आबा, कापडं तेवढी घ्या," बाळासो म्हणाला. "बाकी सगळं हाय तिथं."

आबांनी कापडं पिशवीत घातली आणि खुर्ची एसटीच्या टपावर चढवली.

"पावणं, ह्येचं तिकीट कसलं फाडू?" कंडक्टरनं विचारलं. "मालाचं का जनावराचं?"

"तुमच्या मनाला ईल ते फाडा," आकाराम म्हणाला, "पर आडवी ठिवू नगा. सवय न्हाय तिला."

शाहूपुरीतल्या घरात पुढच्या खोलीवर सूनबाईचं राज्य होतं. सूनबाई म्हणजे विमला, मास्तरांची मुलगी, बोलणं स्वच्छ, कामाला वाघ. महिला मंडळात श्यामलाबाई नावाच्या अध्यक्षीणबाईंनी गृहसजावटीचा वर्ग चालवला होता, त्यात विमला पहिल्या रांगेत बसायची. तिथं तिला कळलं की सोनेरी रंग हा मिठासारखा असतो, चिमूटभर घालायचा. आणि त्याला शेजार थंड रंगाचा द्यायचा. पिस्ता, मोरपंखी, फार तर मोतिया. तिनं भिंती पिस्ता रंगाच्या करून घेतल्या. सोफासेटला मोरपंखी रेक्झिन लावलं. मग सोनेरी पावडर वॉर्निशात कालवून बारीक ब्रशनं स्वतःच्या हातानं एकेका वस्तूची कड ओढली. फोटोच्या चौकटी झाल्या, घड्याळाची कड झाली, टीपॉयची कड झाली, रेडिओची बटणं झाली. एकदा ती ब्रश हातात घेऊन बाळासोच्या चष्म्याकडं बराच वेळ बघत राहिली. त्या दिवसापासून बाळासो चष्मा घालूनच झोपायचा.

आकारामनं आल्या आल्या खोलीवरनं नजर फिरवली. बैल बघतात तशी, आधी लांबनं, मग वाकून. त्याला बरं वाटलं. बाईला टोकाचं कळतंय, तो मनात म्हणाला. कड सोडून आत गेली न्हाय. जोडीदार तेवढा चुकलाय; हिरव्यावर सोनं म्हणजे शेवाळावर सांडलेली हळद. पण पहिल्याच दिवशी बोलू नये म्हणून गप्प बसला.

विमला गप्प बसली न्हाय. टपावरनं उतरवलेली ती काळीकुट्ट खुर्ची दारात बघून तिनं पदर खोचला.

"मामंजी, ही इथं मॅच होत नाही."

"म्हंजे?"

"म्हणजे जोडी जुळत नाही. भिंतीशी, सोफ्याशी."

"तिची जोडी नेसरीला गेली," आकाराम म्हणाला. पण खुर्ची मागच्या अंगणात गेली, पत्र्याखाली, आंघोळीचं पाणी तापवायच्या बंबाशेजारी. बंबाला रोज लाकूड लागायचं आणि खुर्ची लाकडाचीच होती. आकाराम सकाळी तोंड धुवायला मागं गेला की आधी खुर्चीचे चारी पाय बघून घ्यायचा.

तो स्वतः पुढच्या खोलीत सोफ्यावर बसायचा, पण सोफा त्याला मानवला न्हाय. रेक्झिनवरनं तो सावकाश घसरायचा आणि बोलता बोलता जमिनीवर यायचा. अशात बाळासोचे साहेब चहाला आले. साहेब हसरे होते. ते पोटभर हसले तेव्हा आकारामनं पुढं वाकून त्यांच्या तोंडात बघितलं आणि बाळासोला म्हणाला, "दात पुरं जुळल्यालं हायत. अजून बरीच वर्सं कामाला चालंल." साहेबांना वाटलं ही काहीतरी आशीर्वादाची पद्धत असेल, ते वाकून नमस्कार करून गेले. विमलाच्या माहेरीसुद्धा गाय होती. तिला अर्थ कळला.

त्यानंतर दारावर पावणा आला की ती म्हणायची, "मामंजी, जरा आत बसता का?" आवाज गोड, पण म्हणायची. मग आकाराम मागं जाऊन पत्र्याखाली खुर्चीत बसायचा. तिथनं पुढच्या खोलीतलं हसणं ऐकू यायचं, पण कशावर हसतात ते कळायचं न्हाय. जन्मभर चार माणसांत बसून बोललेला गडी. बंबाशी काय बोलणार?

अशी तीन वर्षं गेली. अठ्ठ्याहत्तर साली महिला मंडळानं 'सुंदर दिवाणखाना' स्पर्धा काढली. परीक्षक स्वतः श्यामलाबाई, त्यांच्यासोबत शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या नंदिनीबाई. विमलाचा पहिला नंबर ठरल्यातच जमा होता. भीती होती ती समोरच्या शालूबाईंची. शालूबाईंनी तोच वर्ग केलेला, पण चिमूटभर म्हणजे किती हे त्यांना कळलं नव्हतं. त्यांच्या घरी विळीच्या पाटालासुद्धा सोनेरी कड होती.

विमलानं घर आवरायला घेतलं आणि मागच्या अंगणात येऊन थांबली.

"मामंजी, परीक्षक अंगणसुद्धा बघतात. हा सांगाडा इथं दिसायला नको. स्पर्धेच्या आधी ही फोडून बंबात घालायची."

आकारामनं चंची काढली, तंबाखू मळली, खाल्ली न्हाय, परत चंचीत घातली.

"आणि पुढं नेली तर?"

"पुढं कशी नेणार? मॅच व्हायला नको?"

"मॅच झाली तर?"

विमलाला पडदे धुवायचे होते. ती म्हणाली, "झाली तर आणा बापडी. न झाली तर बंब."

"ठरलं," आकाराम म्हणाला.

तो लगेच छत्री घेऊन बाजारात गेला. बेंदूर जवळ आलेला, दुकानांच्या दारात गोंडे, घुंगरं, झुली टांगलेल्या. तीन वर्षांत तो त्या बाजूला फिरकला नव्हता. दुकानदारानं विचारलं, "किती बैलं, काका?"

"एक," आकाराम म्हणाला.

"एकच? आणि दुसरा?"

"दुसरा न्हाय. खुर्ची हाय."

दुकानदारानं त्याच्याकडं बघितलं आणि बेगड बांधून दिली. बेंदराच्या दिवसांत दुकानदाराला कसलीबी गिऱ्हाईकं भेटतात.

विमला पुढं पडद्यांत गुंतलेली, तोवर मागं पत्र्याखाली आकारामचं काम चाललं. खुर्ची खरवडली, शिंगं तासावीत तसे हात तासले. मग विचार करायला चिलीम ओढली. अंग काळं. काळ्या अंगाला हुरमुंजच पाहिजे, दुसरं काही चालायचं न्हाय. त्यात तिचे हात जुवाचे, म्हणजे तिनं हुरमुंजी शिंगांशेजारीच जन्म काढलेला. हुरमुंज गोड्या तेलात कालवला आणि बूड, पाठ, हात सगळं रंगवून काढलं. हातांच्या वर वळलेल्या टोकांवर तेवढी, हुरमुंज ओला असताना, बेगड दाबली. चार बोटं. लांब जाऊन बघितलं. त्याला वाटलं, आता कुणीतरी हिला पाणी पाजायला न्यावं. विमलाला आधी दिसू नये म्हणून त्यानं पुढ्यात दोरीवर धोतर वाळत घातलं.

विमलाच्या खोलीतल्या सोन्याशी हिचं सोनं जुळत होतं. टोकाला टोक, कडेला कड. मॅच म्हणजे हेच असणार. पिस्त्याशेजारी तांबडा कसा दिसंल हा विचार त्याच्या मनात आला न्हाय, कारण बैल रंगवताना मागचा गोठा कुठल्या रंगाचा आहे हे कुणी बघत न्हाय.

स्पर्धेच्या दिवशी दुपारी विमला परीक्षकांना बोलवायला मंडळात गेली. आकारामनं बाळासोला हाक मारली. दुसरा माणूस पाहिजे म्हणून समोरच्या शालूबाईंचे यजमान अंबादास यांना बोलावलं. अंबादास मवाळ माणूस. घरात सगळीकडं ओली सोनेरी कड असल्यामुळं ते सकाळपासून उभेच होते. त्यांनी खुर्ची बघितली, विमलाबाईंचा दिवाणखाना बघितला, आणि धोतराचा सोगा खोचून फार मनापासून मदत केली. दोघांनी ती खालनं पाय धरून आत आणली, सोफ्याच्या बरोबर समोर, खिडकीच्या उजेडात. अंबादास म्हणाले, "उठून दिसतंय." आणि घाईनं घरी गेले.

बाळासो खुर्चीकडं आणि भिंतीकडं आलटून पालटून बघत होता. "आबा," तो म्हणाला, "विमला काय म्हणंल?"

"मॅच म्हणंल."

बाळासो टेकायला म्हणून खुर्चीच्या हाताला हात लावणार, तेवढ्यात आकाराम ओरडला, "हां हां, ओलं असंल."

"परवा लावलाय न्हवं?"

आकारामनं बोट लावून बघितलं. बोट तांबडं झालं. बाहेर आषाढाची झड लागलेली आणि हवेत ओल. पण ओल नसती तरी तेच झालं असतं. तेलातला हुरमुंज आठ दिवस वाळत न्हाय. पन्नास वर्षं त्यानं तो लावला, आणि वाळतो का न्हाय हे बघायची वेळ एकदाबी आली न्हाय. शिंगावर कुणी बसत न्हाय.

बाहेर बायकांचा आवाज आला. खुर्ची परत मागं न्यायला अंबादास नव्हते. वर फडकं टाकलं तर परीक्षकांनी ते उचललं असतं. श्यामलाबाई वजनानं चांगल्या होत्या आणि आल्या घरात सगळ्यात मोठी खुर्ची बघून बसायच्या, हे आकारामनं खिडकीतनं पूर्वी बघितलेलं. त्या टोपपदरी साडी नेसून ह्यात बसल्या तर काय होईल, याचा त्यानं विचार केला. मग स्वतःच्या नव्या पांढऱ्या सदऱ्याकडं एकदा बघितलं, आणि बसला.

दारात विमला, तिच्यामागं श्यामलाबाई, त्यांच्यामागं नंदिनीबाई, आणि त्यांच्यामागं गल्लीतल्या सात-आठ बायका. त्यांत शालूबाईसुद्धा होत्या. विमला हसत आत आली आणि तिचं हसू तोंडावर तसंच राहिलं, खाली उतरायचं विसरलं.

"मामंजी," ती अगदी हळू म्हणाली, "जरा आत बसता का?"

"न्हाय उठता येत."

"का?"

"येत न्हाय. आता विचारू नगंस."

श्यामलाबाईंनी खोली बघायला सुरुवात केली. चौकटी बघितल्या, घड्याळ बघितलं, रेडिओच्या बटणापाशी मान डोलवली. "सोनेरीचा संयम आहे," त्या म्हणाल्या. "पिस्त्यावर किती शांत दिसतं बघा, नंदिनीताई." मग वळल्या, आणि खुर्चीपाशी त्यांची मान डोलायची थांबली.

"हे काय?"

"खुर्ची हाय," आकाराम म्हणाला.

"ते दिसतंय. जरा उठता का? पाठ बघायची आहे."

"न्हाय उठता येत."

"पायाला काही झालंय का तुमच्या?"

"पाय बरं हायत."

श्यामलाबाईंना अशा उत्तरांची सवय नव्हती. नंदिनीबाई मात्र वाकून बेगडीचं टोक बघत होत्या. "हा रंग कुणी निवडला?" त्यांनी विचारलं.

"हरण्यानं."

"हरण्या कोण?"

"आमचा बैल. डावीकडचा."

दारातल्या बायकांत खसखस पिकली. आकारामला वाटलं, चार माणसांत बसून बोलायला मिळालंय, तर नीट सांगावं. त्यानं नीट सांगितलं. अंग, शिंग, बाक, हुरमुंज, बेगड. सोनं टोकाला, जोडीदार एक.

"पण आजोबा, पिस्त्याशेजारी हा लाल?" श्यामलाबाई म्हणाल्या.

"पिस्ता मी न्हाय निवडला."

बाळासो आतल्या खोलीत निघून गेला. पाण्याचा तांब्या भरायचा आवाज आला, रिकामा करायचा आला, परत भरायचा आला.

श्यामलाबाईंनी विमलाला बाजूला घेतलं, पण त्यांचा आवाज बाजूला जाणारा नव्हता. "विमलाताई, स्पष्ट सांगते. समोर सोनेरी फार झालंय, तिथं विळीकडं बघवत नाही. नंबर तुमचाच. पण ही खुर्ची असताना देता येणार नाही. बाहेर काढा. आम्ही थांबतो."

विमला काही बोलायच्या आत आकाराम उठला. त्याला ऐकू चांगलं यायचं. ठरलेलं ठरलेलं होतं, मॅच न झाली तर बंब, आणि परीक्षक म्हणत होत्या की मॅच झाली न्हाय. उठताना सदरा फळीपासनं सुटल्याचा चर्र आवाज झाला. तो आतल्या दाराकडं वळला तेव्हा सगळ्यांना त्याची पाठ दिसली. मानेपासनं गुडघ्यापर्यंत तांबडी, मधे फळ्यांच्या फटींचे पांढरे पट्टे, आणि दोन्ही तळहातांना बेगड लागून ते सोन्याचे झालेले.

दारातल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. श्यामलाबाईंना मात्र पदर पुरला न्हाय. त्या खदखदून हसल्या आणि म्हणाल्या, "अहो, सासऱ्यांनाच रंगवलंत की! आता एक झूल घाला आणि मिरवणूक काढा."

आकाराम थांबला न्हाय. तो मागं जाऊन कुऱ्हाड कुठं आहे ते बघणार होता.

विमला आयुष्यात सासऱ्याला जे जे म्हणाली होती ते हिशेबानं याच्याहून कमी नव्हतं. पण ते ती म्हणाली होती. घरातलं म्हणणं आणि परक्यानं घरात येऊन म्हणणं, यात फरक असतो, आणि तो वर्गात शिकवलेला नव्हता.

"मिरवणूक बेंदराला निघते, बाई," ती म्हणाली. "बेंदराला अजून अवकाश आहे. मामंजी, बसा."

आकाराम दारात वळला. "आता कशाला? सगळा रंग माझ्या पाठीला आलाय."

"मग तर बसाच. लागायचा तेवढा लागलाय."

"बंब?"

"बंबाला लाकडं आहेत." मग ती श्यामलाबाईंकडं वळली. "खुर्ची निघायची नाही. माणूस घरचं आहे, ते कुठं बसणार? तुम्ही दुसरा नंबर द्या."

आकाराम परत येऊन बसला. श्यामलाबाईंनी तिसरा दिला. दुसरा नंबर एका बाईंना निवडुंगाच्या कुंडीवर गेला आणि पहिला शालूबाईंना. शालूबाई गल्लीत सांगत फिरल्या, "मी आदीच म्हणालतो की, सोनं कमी पडता कामा न्हाय." पुढच्या आठवड्यात त्यांनी ट्रंकेलासुद्धा कड ओढली. अंबादास त्यानंतर बरेच दिवस रस्त्यावरच भेटायचे.

संध्याकाळी विमलानं सदरा भिजत घातला. हुरमुंज निघाला न्हाय. मग ती ओले हात घेऊन पुढं आली आणि म्हणाली, "खुर्ची राहील. पण हा रंग घरात नको. तो वाळत नाही. उद्या खरवडून काढा, मी मोरपंखी ऑइल पेंट आणते. टोकं तुमची."

"मोरपंखी म्हंजे हिरवा का निळा?"

"मधला."

"निळा नगो, एवढंच सांगतो."

"मामंजी, ती खुर्ची आहे, बैल नाही."

"व्हय," आकाराम म्हणाला, "पर तिला म्हाईत न्हाय."

खुर्ची मोरपंखी झाली. टोकांना आकारामनं चार बोटं बेगड लावली, विमलानं वरनं वॉर्निशचा हात दिला म्हणजे उडू नये. पिस्त्याशी, सोफ्याशी आता सगळं जुळलं. आकाराम मात्र आलेल्या प्रत्येक पावण्याला सांगायचा की जोडी विजोड आहे, सूनबाईच्या मनाखातर चालवून घेतलंय. पावणा दारात आला की विमला अजूनही "मामंजी" म्हणायची, पण पुढचं वाक्य बदललं होतं. "मामंजी, दात बघायचे नाहीत," असं ती म्हणायची. आणि तो बघायचा.

दर बेंदराला बेगड नवी लागायची. पहिली दोन वर्षं त्यानं आणली. तिसऱ्या वर्षी विमलानं स्वतः आणली. त्यात माया वगैरे काही नव्हती. त्यानं आणलेली पातळ असायची आणि लवकर काळी पडायची. ऐंशीनंतर टीपॉयला वाळवी लागली. आंब्याच्या फळीची होती. तिची सोनेरी कड घासून, पुसून, परत ओढून काही उपयोग झाला न्हाय, आणि एका सकाळी ती फोडून बंबात गेली. आकाराम खुर्चीत बसून होता. तो म्हणाला, "कड चांगली ओढलीती."

शहाऐंशी साली, पावसाळ्याच्या तोंडाला, आकाराम गेला. दुपारी खुर्चीतच गेला. चंची भोकात होती.

भेटायला माणसं आली, त्यांत श्यामलाबाईसुद्धा आल्या. आता त्यांचे पण गुडघे गेले होते आणि खाली सतरंजीवर बसणं जमणार नव्हतं. त्यांनी खोलीभर बघितलं. सोफा बायकांनी भरलेला. खुर्ची तेवढी रिकामी होती.

त्या खुर्चीपाशी गेल्या, थांबल्या, आणि बसायच्या आधी एक बोट बुडाच्या फळीवर टेकवून ते बोट डोळ्यांजवळ नेऊन बघितलं.

"वाळलाय, बाई," विमला म्हणाली. "बसा."